फुटबॉलचं नको असलेलं तिकीट ऑनलाइन विकताना: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातून मोठा सामना बघायला जायचं म्हणजे मडगावचं फातोर्डा, नाहीतर बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम. कुणी मुलाकडे लंडनला जाताना प्रीमियर लीगचं तिकीट काढतो, कुणी विश्वचषकाचं. मग रजा नामंजूर होते, व्हिसा येत नाही, घरात लग्न निघतं आणि तिकीट हातात उरतं. ते विकताना काय करायचं आणि कुठे अडतं, ते खाली दिलं आहे.

तिकीट एक्स्चेंजवर नेमकं काय होतं?

एक्स्चेंज म्हणजे नको असलेलं तिकीट दुसऱ्याला विकण्याची ऑनलाइन जागा. तुम्ही तिकीट विक्रीला लावता, कुणीतरी ते घेतो, आणि त्या क्षणी तुमचा जुना क्यूआर कोड किंवा बारकोड रद्द होऊन घेणाऱ्याच्या खात्यात नवा कोड तयार होतो. सगळी सुरक्षितता या एका गोष्टीत आहे. जुना कोड मेला नाही तर तिकीट विकलं गेलं असं समजू नका. जमिनीचे पैसे दिले पण उताऱ्यावर नाव चढलं नाही, अशातला तो प्रकार. गेटवरचं यंत्र पैसे कुणी दिले ते बघत नाही, कोड जिवंत आहे का आणि आधी स्कॅन झालाय का एवढंच बघतं.

म्हणून कुठलीही जागा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: इथे नवा कोड निघतो का? क्लबच्या किंवा स्पर्धेच्या स्वतःच्या एक्स्चेंजवर निघतो. मूळ तिकीट ज्या ॲपवरून काढलं त्याच ॲपमध्ये पुनर्विक्रीची सोय असेल तर तिथेही निघतो. तिसऱ्याच कंपनीच्या बाजारात बहुतेक वेळा निघत नाही, कारण त्या कंपनीचा स्टेडियमच्या गेटवरच्या यंत्रणेशी संबंधच नसतो. तुम्ही दिलेली पीडीएफ किंवा लिंक ती फक्त पुढे पाठवते.

माझं तिकीट विकता येतं की नाही, हे कुठे बघायचं?

तीन ठिकाणी. पहिलं, ॲपमधलं तुमचं बुकिंग उघडा आणि विकणे, हस्तांतर करणे किंवा शेअर करणे यातलं कुठलं बटण आहे ते बघा. दुसरं, तिकिटाखालच्या बारीक अक्षरातल्या अटी. 'हस्तांतर करता येणार नाही' आणि 'परतावा नाही' ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत, एकमेकांत मिसळू नका. परतावा नसलेलं तिकीट कधीकधी दुसऱ्याच्या नावावर करता येतं. तिसरं, त्या सामन्याच्या पानावरचे खास नियम. एकाच क्लबच्या दोन सामन्यांना वेगळे नियम असू शकतात. लीगचा सामना क्लब भरवतो, आशियाई स्पर्धेतल्या सामन्याला वरच्या संघटनेच्या अटी लागतात.

बटण नाही आणि अटीतही मनाई, असं असेल तर ते तिकीट विकायचा अधिकृत मार्ग नाही. मग मित्राला सोबत न्या, किंवा नुकसान सोसा.

इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) तिकीट बुकमायशो किंवा झोमॅटोच्या डिस्ट्रिक्ट ॲपवर परत विकता येतं का?

सरसकट नाही. भारतात काढलेली बहुतेक सामन्यांची तिकिटं परत घेत नाहीत आणि बदलूनही देत नाहीत. पुनर्विक्रीची सोय आपल्याकडे अलीकडची आहे. झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये 'बुक नाऊ, सेल एनीटाइम' ही सोय जाहीर केली ती मुख्यतः संगीताच्या कार्यक्रमांसाठी. तिची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे: तिकीट विकलं गेलं की मूळ तिकीट रद्द, घेणाऱ्याला नवं तिकीट, आणि किमतीला कमाल मर्यादा त्या वेळच्या विक्रीदराच्या दुप्पट. अशी सोय एखाद्या सामन्याला द्यायची की नाही ते आयोजक ठरवतो. त्यामुळे 'गेल्या खेपेला बटण होतं' यावर विसंबू नका, आपल्या बुकिंगमध्ये आत्ता दिसतंय का तेवढंच बघा.

आणि व्हायागोगोसारख्या परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळावर? तिथे तर कुणीही लावू शकतं.

लावू शकतो, पण लावावं असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं २,५०० ते ३५,००० रुपयांना निघाली आणि परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर ती लाखांत झळकू लागली. त्या वेळी बुकमायशोने व्हायागोगो आणि गिग्जबर्ग यांच्याशी आपला काही संबंध नाही असं जाहीर करून पोलिसांत तक्रार दिली होती. फुटबॉललाही तेच लागू. आयोजकाला एखादं तिकीट अशा बाजारात दिसलं तर तो ते अटीनुसार रद्द करू शकतो. घेणारा गेटवर अडकतो, तो कंपनीकडे तक्रार करतो, कंपनी तुमचे पैसे रोखते, आणि अटीत असेल तर वर दंडही लावते. तिकीट गेलं, पैसेही नाहीत.

अशा बाजारांची आणखी एक खोड: तुम्ही जी किंमत टाकता ती घेणाऱ्याला दिसत नाही. त्यावर शुल्क चढवून दाखवतात, आणि तुमच्या हाती येणाऱ्या रकमेतूनही कापतात.

लिस्टिंग करायचं, म्हणजे तिकीट विक्रीला लावायचं कसं?

ॲपागणिक शब्द बदलतात, क्रम साधारण हाच असतो.

१. तिकीट ज्या खात्यातून काढलं त्याच खात्याने आत या. भावाच्या मोबाइल नंबरवरून काढलं असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाणार, त्यामुळे भाऊ सौदीत असेल तर आधी त्याला उठवा.

२. ओळखपत्र आणि बँक खातं आधीच भरून ठेवा. बहुतेकांचं अडतं ते इथेच. खात्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळत नाही, आयएफएससी जुना असतो. बँकांचं विलीनीकरण झालं त्या खातेदारांनी हा कोड पुन्हा तपासावा. सिंडिकेट बँकेचं खातं २०२० मध्ये कॅनरात गेलं, कॉर्पोरेशनचं युनियन बँकेत. जुना कोड आता चालत नाही.

३. कुठल्या जागा विकायच्या त्या निवडा. स्टँड, रांग, आसनक्रमांक आपोआप येतात. स्वतः टाइप करायला लावत असेल तर ते अधिकृत एक्स्चेंज नाही हे ओळखा.

४. किंमत टाका. खाली 'तुम्हाला मिळतील' असा आकडा दिसतो, निर्णय तो बघून घ्या.

५. लावल्यावर तिकिटाची स्थिती 'विक्रीस' अशी झाली का ते बघा, आणि त्या पानाचा फोटो ठेवा.

६. विक्री झाल्याचा ईमेल आला की तुमच्या खात्यातलं तिकीट गायब किंवा 'रद्द' दिसलं पाहिजे. ते अजून जिवंत दिसत असेल तर लगेच ग्राहक सेवेला लिहा, नाहीतर पुढे वाद तुमच्या अंगावर येईल.

किती किमतीला लावू?

क्लबच्या एक्स्चेंजवर हा प्रश्न बहुधा उरत नाही, तिथे छापील किंमतच असते. जिथे मोकळीक आहे तिथेही आधी हिशेब करा. समजा ६०० ची दोन तिकिटं काढली. १,२०० रुपये तिकिटांचे, त्यावर सुविधा शुल्क समजा ६०, आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी १०.८० रुपये. एकूण १,२७०.८०. सुविधा शुल्क आणि त्यावरचा कर परत मिळत नाही, ते गेलेच धरा. त्यात विक्री शुल्क १० टक्के असेल तर छापील किमतीला विकून हाती १,०८० येतील. म्हणजे १९० रुपयांचा खड्डा. तो भरून काढायला किंमत वाढवून बसलात तर १,०८० सुद्धा जातील, कारण तिकीट खिडकीवर अजून शिल्लक असेल तर महागडं तिकीट कुणी घेत नाही.

आमचं मत विचाराल तर स्टेडियम भरलेलं नसेल तेव्हा छापील किमतीच्या खालीच लावा आणि मोकळे व्हा.

कधी लावावं? शेवटच्या दिवशी भाव चढतो म्हणतात.

चढतो, पण फक्त तिकिटं पूर्ण संपलेली असतील आणि सामना तसाच मोठा असेल तर. आपल्याकडे याच्या उलट घडण्याची शक्यता जास्त. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर एफसी गोवा विरुद्ध रोनाल्डोचा सौदी क्लब अल नास्र हा एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लब स्पर्धेतला सामना झाला. रोनाल्डो दिसेल म्हणून अनेकांनी तिकिटाकडे डोळे लावले होते. रोनाल्डो संघाबरोबर आलाच नाही. सामना रंगला, अल नास्र २-१ ने जिंकली, पण ज्याने केवळ त्या एका माणसाच्या भरवशावर तिकीट काढलं होतं त्याचं तिकीट बातमी आली त्या दिवशीच उतरलं. तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नसतं. तो आला नाही म्हणून परतावा मागता येत नाही.

बऱ्याच इंग्लिश क्लबांचं एक्स्चेंज सामन्याची तिकिटं संपल्यावरच उघडतं. तोपर्यंत बटण मंद दिसतं. ते बिघडलेलं नाही, थांबा. आणि बंद होण्याची वेळ क्लबागणिक वेगळी असते, ती आधीच बघून ठेवा. बेळगावात बसून इंग्लंडच्या वेळेचा हिशेब करताना तिथे उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच, हे विसरून अनेकांची मुदत टळते. घड्याळ तिथे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं.

आपल्या भागातल्या माणसाला आणखी एक अडचण. फातोर्ड्याला जाणारा बेळगावकर तिकीट घेतो तर प्रवासाचा वेळ धरूनच. चोर्ल्याने किंवा अनमोडमार्गे निघायचं तर दुपारी गाडी काढावी लागते. संध्याकाळी पाच वाजता तुमचं लिस्टिंग दिसून त्याला काही उपयोग नाही. त्या वेळी घेणारा असेल तर गोव्यातलाच. म्हणून आपल्या ओळखीच्या मंडळींपर्यंत पोचायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत हलवा. बंगळूरच्या सामन्याला तर रेल्वे आरक्षण मिळेल का हाच पहिला प्रश्न असतो, तिथे आठवडाभर आधी.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्यालाच द्यायचं आहे. स्क्रीनशॉट पाठवला तर चालेल?

चालेल की नाही ते तिकिटावर अवलंबून, पण तरीही पाठवू नका.

आधी तिकिटाचं. काही कोड स्थिर असतात, ते छापून दाखवले तरी यंत्र घेतं. काही कोड दर काही सेकंदांनी बदलतात, टिकटमास्टरच्या सेफटिक्समध्ये ते १५ सेकंदांनी बदलतात. त्यांचा स्क्रीनशॉट म्हणजे निव्वळ चित्र. युरोपची फुटबॉल संघटना यूएफा हिच्या मोबाइल तिकिटांत कोड स्टेडियमजवळ ब्लूटूथने जागा होतो, त्याआधी दाखवायला काहीच नसतं.

आता ग्रुपचं. स्थिर कोडचा फोटो ग्रुपवर पडला की तो ५० जणांकडे गेला. जो आधी गेटवर पोचेल तो आत. ज्याने पैसे दिले तो बाहेर, आणि यंत्रावर 'आधीच वापरलं' असं येतं. मग शिपाई काय करणार? त्याच्या हातात काही नसतं. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर तिकीट धरून काढलेला फोटोही याच जातीचा. कोडवर बोट ठेवलंत तरी खालचा लांबलचक क्रमांक दिसतोच.

योग्य रीत अशी. ग्रुपवर फक्त सामना, तारीख, स्टँड, किती तिकिटं आणि किंमत टाका. ज्याला हवं त्याच्याशी वेगळं बोला. ॲपमध्ये हस्तांतराची सोय असेल तर पैसे आल्यावर त्याच्या नंबरवर हस्तांतर करा आणि त्याने ते स्वीकारलं का ते विचारा. स्वीकारेपर्यंत अनेक ॲपमध्ये तिकीट मधेच लटकलेलं असतं, दोघांपैकी कुणालाच वापरता येत नाही. हस्तांतराची सोय नसेल आणि तुमच्याकडे चार तिकिटांचं एकच बुकिंग असेल, तर घेणाऱ्याने तुमच्याबरोबरच गेटमधून जाणं हाच खरा इलाज.

घाटात रेंज जाते. तिकीट वाटेत ट्रान्स्फर करता येईल?

भरवसा ठेवू नका. जांबोटी सोडल्यापासून पुढे कणकुंबी, चोर्ला भागात मोबाइलचं काही खरं नसतं. हस्तांतर, स्वीकार, ओटीपी, सगळं बेळगावातच उरका. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घेता येत असेल तर घ्या. फातोर्ड्याच्या गेटवरही सामन्याआधी हजारो फोन एकदम नेटवर्क शोधतात, तेव्हा ॲप आधीच उघडून ठेवलेलं बरं.

घेणारा म्हणतो, 'मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील.'

त्याचा नंबर ब्लॉक करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, येत नाहीत. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे 'रिक्वेस्ट पाठवलीय, मंजूर करा' असं म्हणणाऱ्याकडेही संशयानेच बघा.

बाकी चाली ओळखीच्याच आहेत. पैसे गेल्याचा बनावट स्क्रीनशॉट. चुकून जास्त पाठवले, फरक परत करा. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाका म्हणजे मदत करतो. तिकीट कंपनीच्या नावाची बनावट लिंक. पैसे आले का ते एसएमएसवर बघू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. एसएमएस कुणीही पाठवू शकतो.

फसलो. समोरचा गोव्यातला किंवा पुण्यातला आहे, तक्रार कुठे करू?

इथूनच. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगोलग. पैसे अजून पुढच्या खात्यात सरकले नसतील तर ते गोठवता येतात, आणि यात मिनिटं मोजली जातात. उद्या सकाळी जाऊन बघू म्हणालात तर रक्कम तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेली असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्याच वेळी बँकेलाही लेखी कळवा.

हद्दीचा मुद्दा काढून कुणी परत पाठवायला लागलं तर शून्य एफआयआरची तरतूद सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, पूर्वीचं ४२० नव्हे. ही दोन्ही १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहून नेला तर काम लवकर हलतं. मराठीत लिहिलेला अर्ज भाषांतरासाठी पडून राहिला तर नुकसान तुमचंच, आणि भाषेचा वाद नंतरही घालता येईल. सोबत यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, समोरच्याचा नंबर, पूर्ण संवादाचे स्क्रीनशॉट आणि तिकिटाचं मूळ बुकिंग न्या. संवाद डिलीट करू नका, राग कितीही आला तरी.

तक्रार एखाद्या व्यक्तीविरुद्ध नसून पैसे दाबून बसलेल्या ॲपविरुद्ध असेल तर मार्ग वेगळा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने न सुटल्यास ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो, म्हणजे कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी बेळगावात.

जास्त किमतीला विकणं गुन्हा आहे का?

तिकिटांच्या पुनर्विक्रीसाठी देशभराचा एकच स्वतंत्र कायदा नाही. पण अटींचा भंग झाल्यावर तिकीट रद्द होतं, आणि गेटबाहेर ब्लॅक करणाऱ्यांना पोलीस पकडतात. शेजाऱ्याला छापील किमतीत दिलेल्या तिकिटामागे कुणी लागत नाही. चार-चार सामन्यांची दहा-दहा तिकिटं काढून विकायला बसलात तर तुम्ही प्रेक्षक उरत नाही.

इंग्लंडमधल्या सामन्याचं तिकीट आहे, आणि मी बेळगावात. छापील किमतीत फेसबुकवर विकू का?

नको. तिथला कायदा याबाबत कडक आहे आणि आपल्या लोकांना तो बहुधा माहीत नसतो. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचं कलम १६६ इंग्लंड आणि वेल्समधल्या ठरावीक फुटबॉल सामन्यांची तिकिटं परवानगीशिवाय विकायला मनाई करतं. २००६ च्या दुरुस्तीने इंटरनेटवरची विक्री आणि जाहिरातही त्यात आली. यात नफ्याचा प्रश्नच येत नाही, छापील किमतीला विकलं तरी ते परवानगीशिवायच. मुळात हे कलम आलं ते दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून मारामारी होऊ नये म्हणून. संगीताच्या तिकिटांना ते लागू नाही, त्यामुळे गोंधळ होतो.

मार्ग दोनच. क्लबचं स्वतःचं एक्स्चेंज, किंवा क्लबच्या ॲपमधलं हस्तांतर. हस्तांतर बऱ्याच क्लबांत सभासदालाच करता येतं, काहींत आधी जोडून ठेवलेल्या मित्र-नातेवाइकांच्या यादीतल्या माणसालाच. ही यादी शेवटच्या दिवशी भरता येईलच असं नाही. तिकडे राहणाऱ्या मुलाचं किंवा भाच्याचं नाव तिकीट काढतानाच जोडून ठेवा. सभासदत्व दुसऱ्याला वापरायला देणं हा नियमभंग धरतात, आणि शिक्षा म्हणून सभासदत्वच जातं. वर्षभराचं.

विश्वचषकाचं तिकीट काढलं, व्हिसा मिळाला नाही.

व्हिसा नाकारला म्हणून फिफा पैसे परत देत नाही, त्यामुळे पुनर्विक्री हाच रस्ता. २०२६ च्या स्पर्धेसाठी फिफाने स्वतःचा पुनर्विक्री बाजार ठेवला, त्यात शुल्क दोन्हीकडून: विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के. २०० डॉलरचं तिकीट २०० लाच लावलं तर घेणारा २३० देतो आणि तुमच्या वाट्याला १७० येतात. मधले ६० फिफाचे. तुमचे २०० सुटावेत असं वाटत असेल तर २३५.३० ला लावावं लागेल, आणि घेणाऱ्याला ते २७०.६० ला पडेल. या आकड्याला कुणी घेईल का, हा विचार सामना कुणाचा आहे ते बघून करा. ब्राझील असेल तर कदाचित. मेक्सिकोतल्या रहिवाशांसाठी नियम निराळा, तिथे छापील किमतीतच अदलाबदल.

यूएफाचं मात्र वेगळं. युरो २०२४ ला त्यांच्या अधिकृत मंचावर तिकीट छापील किमतीलाच परत विकता येत होतं.

परदेशी तिकिटात कार्डाचा खर्च लोक मोजायला विसरतात. १७,००० रुपयांच्या खरेदीवर बँकेने साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क लावलं तर ५९५ रुपये, त्यावर जीएसटी १०७ रुपये १० पैसे. विक्री झाल्यावर हे ७०२ रुपये परत येत नाहीत. शिवाय पैसे परतताना विनिमयाचा दर वेगळा असतो, तो फायद्यातही जाईल किंवा तोट्यातही. तिकीट काढलेलं कार्ड दरम्यान बंद केलं असेल तर पैसे कुठे येणार ते आधी कंपनीला विचारा. बंद कार्डावर आलेली रक्कम बँकेच्या फेऱ्यात महिनोन्‌महिने अडकते.

पैसे किती दिवसांत मिळतात?

क्लबच्या एक्स्चेंजवर काही वेळा विक्रीनंतर लगेच, काही वेळा सामना झाल्यावर. काही क्लब रोख देतच नाहीत, पुढच्या हंगामाच्या तिकिटातून वजा करतात. वर्षातून एकदा लंडनला जाणाऱ्या माणसाला ते शून्यवत. तिसऱ्या कंपन्या सामना झाल्यावर, तक्रार आली नाही याची खात्री करूनच पैसे सोडतात.

चार तिकिटांतलं एकच विकायचं आहे.

बघा, ॲप परवानगी देतं का. काही ठिकाणी मधली एक खुर्ची एकटी उरेल अशी विक्री होऊच देत नाहीत. कडेची विका, मधली नको. आणि ज्याच्या मोबाइलवर चारही कोड आहेत तोच जाणार नसेल, तर उरलेल्या तिघांचे कोड आधी त्यांच्याकडे पाठवून मग आपलं विका.

लहान मुलाचं सवलतीचं तिकीट मोठ्या माणसाला देता येईल?

नाही. गेटवर फरक दिसतो आणि अडवतात. तशी अदलाबदल करता येत असेल तर फरक भरून ती अधिकृत ठिकाणीच होते. स्टँडचंही तसंच: कंठीरवावर बंगळूर एफसीचे कट्टर पाठीराखे, वेस्ट ब्लॉक ब्लूज, बसतात त्या बाजूचं तिकीट एफसी गोव्याचा नारिंगी टी-शर्ट घालून जाणाऱ्याला विकताना त्याला आधी सांगा, नाहीतर नव्वद मिनिटं त्याची आणि शिव्या तुम्हाला.

सामना पुढे ढकलला तर?

लिस्टिंग लगेच मागे घ्या आणि थांबा. ढकललेल्या सामन्याला जुनं तिकीट बहुधा चालतं, रद्द झाल्यास परतावा मूळ खरेदीदाराच्या खात्यात जातो. इथेच भांडणं होतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर तिकीट मित्राला विकलं आणि सामना रद्द झाला, तर पैसे तुमच्या खात्यात येतील, त्याच्या नाही. ते त्याला द्यायचे हे आधीच बोलून ठेवा. २०२५-२६ चा आयएसएल हंगाम प्रशासकीय वादात महिनोन्‌महिने लांबला, तेव्हा वेळापत्रकाच्या भरवशावर रेल्वेची तिकिटं आधी काढू नयेत हेही आलंच.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचं कागदी तिकीट उरलंय.

त्याला एक्स्चेंज लागत नाही. जाणाऱ्याच्या हातात द्या. ऑनलाइन काढून खिडकीवर कागदात बदललेलं तिकीटही असंच, एकदा कागद हातात आला की ते ॲपमधून विकता येत नाही. विकायचा विचार असेल तर बदलून घेऊच नका.

बिलिंगच्या पत्त्यात बेळगाव लिहू की बेळगावी?

बँकेच्या नोंदीत जे आहे तेच, स्पेलिंगसकट. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, पण जुन्या खात्यांवर जुनंच आहे. परदेशी संकेतस्थळांची तपासणी यंत्र करतं, त्याला दोन्ही नावं एकच असल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. पिन कोड मात्र चुकवू नका.

शेवटपर्यंत विकलंच गेलं नाही तर?

फुकट द्या, रिकामी खुर्ची कुणाच्या कामाची नाही. पण देण्याआधी लिस्टिंग काढून टाका आणि तिकिटाची स्थिती पुन्हा 'तुमचं' अशी झाल्याचं डोळ्यांनी बघा. अनेक जण मित्राला तिकीट पाठवतात आणि लिस्टिंग तसंच ठेवतात. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी मडगावातला कुणीतरी ते विकत घेतो, जुना कोड रद्द होतो, आणि मित्र बेळगावहून घाट उतरून गेटवर उभा असताना यंत्रावर लाल दिवा लागतो.